टाइमशेअर : पंचवीस वर्षांचा खोडवा



एरवी या पानावर आम्ही बेणेमळा, लागणीच्या तारखा, हुमणी आणि पाचट यांविषयी लिहितो. या अंकासाठी आडसाली उसाच्या भरणीवर मजकूर तयारही होता. तो पुढच्या अंकात येईल. मध्येच हा विषय घ्यावा लागला, कारण गेल्या गळीत हंगामात पहिल्या हप्त्याची बिले बँकेत जमा झाली आणि त्यानंतर दीड-दोन महिन्यांत तीन सभासद, तीन वेगवेगळ्या गावांचे, एकसारखीच फाइल बगलेत मारून आमच्या गट ऑफिसात आले. गुळगुळीत कागदाची फाइल, वर समुद्र आणि नारळाची झाडे, आत बारीक अक्षरांची वीस-पंचवीस पाने. तिघांनीही शहरात जाऊन सुटीच्या हॉटेलांचे 'सभासदत्व' घेतले होते आणि तिघांचाही प्रश्न एकच होता, "साहेब, यातनं बाहेर कसं पडायचं?" त्यातल्या एकाने जरा आवाज खाली घेऊन आणखी विचारले, "माझ्या ऊस बिलातनं कापून तर घेणार नाहीत ना?"

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकतो. नाही. ऊस बिलातून कपात होते ती सोसायटीच्या पीककर्जाची, कारखान्याने दिलेल्या बेणे-खताची, किंवा सभासदाने स्वतः सही करून संमती दिली असेल त्याची. बाहेरच्या एखाद्या कंपनीने पत्र पाठवले म्हणून कारखाना कोणाच्या बिलाला हात लावत नाही.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. त्याचे उत्तर इतके सोपे नाही आणि ते आम्हाला ठाऊक आहे याचे कारण सांगायला थोडी लाज वाटते. आम्ही स्वतः या फाइलचे धनी होतो. २०१७ साली आम्ही तेच केले जे या तिघांनी केले, आणि त्यातून सुटायला आम्हाला २०२३ साल उजाडले. एवढी वर्षे ही गोष्ट आम्ही गटात कोणाला सांगितली नव्हती. शेतकऱ्याला खताच्या गोणीवरचे बारीक अक्षर वाचायला सांगणाऱ्या माणसाने स्वतः न वाचता सही केली, हे सांगणार कसे?

मुळात हा प्रकार काय आहे तो समजून घेऊ. नावात 'शेअर' आहे म्हणून पुष्कळांना वाटते की आपल्या कारखान्याच्या शेअरसारखेच काहीतरी असेल. तसे नाही. आपल्याकडची सामाईक विहीर डोळ्यांपुढे आणा. चार भाऊ, एक विहीर, प्रत्येकाला पाण्याची पाळी ठरलेली. ही कल्पना साधारण तशीच, फक्त पाण्याऐवजी हॉटेलची खोली. १९६० च्या दशकात युरोपात, स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या आल्प्स पर्वतात, ती निघाली. डोंगरातले किंवा समुद्राकाठचे घर एका कुटुंबाला वर्षातून एक-दोन आठवडे लागते, उरलेले वर्ष ते रिकामे राहते. मग बावन्न आठवडे बावन्न कुटुंबांनी वाटून घेतले तर काय बिघडले? हिशेब म्हणून चांगला होता. आपल्या देशात १९८० च्या दशकाच्या मध्याला हा धंदा आला. १९८६ साली स्टर्लिंग कंपनी निघाली, तिचे काम कोडाईकनालपासून सुरू झाले. १९९६ साली महिंद्र उद्योगसमूह या व्यवसायात उतरला. त्यानंतर लहानमोठ्या कितीतरी कंपन्या आल्या, काही टिकल्या, काही बोर्ड उतरवून गेल्या.

पण सामाईक विहिरीत आणि यात एक मोठा फरक आहे. विहिरीत तुमचा हिस्सा असतो आणि तो सात-बारावर लागतो. आपल्याकडे जे सुटीचे सभासदत्व विकले जाते त्यात बहुधा मालकी नसतेच. ठरावीक वर्षे, बहुतेक वेळा पंचवीस, दरवर्षी आठवडाभर राहण्याचा फक्त हक्क असतो. विहीर त्यांची, पाळी तुमची. पाळी कधी मिळणार हे तेच ठरवणार, आणि मोटरची दुरुस्ती मात्र दरवर्षी तुमच्या खिशातून. कारखान्याच्या शेअरवर तुम्हाला वार्षिक सभेत उभे राहून बोलता येते, एका सभासदाला एक मत असते. इथे 'सभासद' हा शब्द तेवढा आहे, मत नाही आणि सभाही नाही.

आम्ही यात कसे सापडलो ते थोडे सांगतो, म्हणजे तुम्हाला ओळख पटेल. मुलीच्या प्रवेशासाठी जूनमध्ये पुण्याला गेलो होतो. एका मोठ्या दुकानाच्या दारात दोन पोरांनी कूपन भरायला दिले. आमच्या सौ. नी नाव, फोन नंबर आणि वार्षिक उत्पन्न लिहून पेटीत टाकले. आठवड्याने फोन आला की तुमचा नंबर लागला आहे, बक्षीस न्यायला या, पण नवरा-बायको दोघांनीही यायला हवे. दोघांचा हा आग्रह आम्हाला आदर वाटला. पुढे कळले की एकटा माणूस 'घरी विचारून सांगतो' म्हणून उठून जाऊ शकतो, ती वाट त्यांना बंद करायची असते.

हॉटेलच्या हॉलमध्ये पंधरा-वीस टेबले, मोठ्याने गाणी, प्रत्येक टेबलावर टाय लावलेला एक तरुण. दर दहा मिनिटांनी कुठल्या तरी टेबलावर टाळ्या वाजत आणि माइकवरून नवीन सभासदाचे अभिनंदन होई. आमच्या टेबलावरचा मुलगा गोड बोलणारा होता. शेतकऱ्याचाच मुलगा आहे म्हणाला, खरे-खोटे देव जाणे. मुलांना तुम्ही कधी समुद्र दाखवला का, असे त्याने विचारले आणि आम्ही गप्प झालो. आयुष्यभर दुसऱ्याच्या शिवारात फिरलो, मुलांना कुठे नेले नव्हते हे खरेच होते. पहिल्यांदा किंमत सांगितली साडेचार लाख. मग त्याचा साहेब आला, त्याने साडेतीन केली. मग त्याच्याही वरचा आला आणि दोन लाख पंच्याऐंशी हजारांवर आणून ठेवली, पण फक्त आजच्या दिवसापुरती. तीन तास झाले होते, सौ. ना डोके धरले होते. कार्डावरून तीस हजार भरले, उरलेले छत्तीस हप्त्यांत. सह्या नेमक्या कुठे कुठे केल्या तेही आठवत नाही.

बक्षीस म्हणून मिळालेले कूपन आम्ही आजतागायत वापरू शकलो नाही, कारण ते रविवारी, सणाला आणि सुटीच्या महिन्यात चालत नव्हते.

मग सुरू झाला हंगामाचा घोळ. आपल्याकडे हंगाम एकच, गळिताचा. त्यांच्याकडे हंगामांना रंग असतात. सर्वांत महागड्या रंगात मे महिना, दिवाळी, नाताळ असे दिवस; त्याखालच्या रंगांत उरलेले. आम्हाला जो रंग विकला त्यात मे नव्हता. कारखान्याचे धुराडे पेटलेले असताना, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, ऊस विकास अधिकारी गट सोडून कुठे जाणार? आणि उन्हाळ्यात मुलांना सुटी असते तेव्हा आमच्या रंगाला जागा नसे. २०१८ च्या मेमध्ये महाबळेश्वर मागितले, मिळाले नाही. शेवटी ऑगस्टमध्ये गोव्याला गेलो. आठवडाभर पाऊस पडत होता आणि समुद्रावर लाल बावटा लावलेला होता. मुलांनी खोलीत बसून पत्ते खेळले. जेवणाचे पैसे वेगळे.

पण खरा काटा वेगळाच आहे. तो म्हणजे वार्षिक शुल्क. विकताना याचा उल्लेख 'थोडासा देखभाल खर्च' असा होतो. हा खर्च राहायला जा अथवा न जा, द्यावाच लागतो आणि तो दरवर्षी वाढतो. आपण कागदावर हिशेब मांडू. समजा सभासदत्वाचे तीन लाख भरले. पहिल्या वर्षीचे शुल्क करासह अठरा हजार धरा आणि दरसाल सहा टक्के वाढ धरा. बाराव्या-तेराव्या वर्षी ते छत्तीस हजारांवर जाते. पंचविसाव्या वर्षी जवळजवळ त्र्याहत्तर हजार. पंचवीस वर्षांचे एकूण शुल्क होते सुमारे नऊ लाख सत्त्याऐंशी हजार. म्हणजे मूळ रकमेच्या तिप्पट पैसे त्या 'थोड्याशा देखभाली'त जातात. सगळे मिळून जवळपास तेरा लाख, आणि रात्री मिळाल्या एकशे पंच्याहत्तर. एका रात्रीला सात हजार तीनशेच्या वर खर्च, तोही एकही वर्ष वाया गेले नाही असे धरून. हेच तीन लाख सात टक्क्यांनी ठेव म्हणून ठेवले तर वर्षाला एकवीस हजार व्याज येते. ते घेऊन हवे त्या महिन्यात, हवे त्या गावी चार दिवस जाऊन यावे, मुद्दल जागेवर राहते. हा हिशेब त्या हॉलमध्ये करायला आम्हाला पाच मिनिटे पुरली असती. गाणी फार मोठ्याने चालू होती.

त्या मुलाने आम्हाला समजावताना आमचीच भाषा वापरली होती. म्हणाला, साहेब, लागण एकदाच करायची, पुढे नुसता खोडवा घ्यायचा. आम्हाला ते फार पटले होते. पण खोडवा आपण एक घेतो, दोन घेतो, उत्पन्न घटले की नांगर घालतो. इथे पंचवीस वर्षे नांगर घालायची सोय नाही.

तरी बाहेर पडायचे झाले तर वाटा कोणत्या, ते आता सांगतो. सगळ्यांत चांगली वाट अगदी सुरुवातीला असते आणि ती फार लवकर बंद होते. युरोपात १९९४ साली नियम झाला की टाइमशेअर घेतल्यावर ग्राहकाला दहा दिवसांत, कारण न देता, करार मोडता यावा. २००८ च्या नियमाने ते चौदा दिवस केले. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात दहा दिवस आहेत. आपल्या देशात टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. परंतु पुष्कळ कंपन्यांच्या स्वतःच्या नियमांत दहा दिवसांच्या आसपास मुदत लिहिलेली असते, आणि लिहिलेली असली की ती त्यांच्यावर बंधनकारक आहे. अडचण अशी की विकणारा ती सांगत नाही, आणि नियमांची पुस्तिका बऱ्याचदा नंतर पोस्टाने येते. आमची बाराव्या दिवशी आली. तेव्हा फाइल हातात पडली की पहिल्यांदा 'रद्द करणे' किंवा 'परतावा' या मथळ्याचे कलम शोधावे, दिवस सहीपासून मोजायचे की पैसे भरल्यापासून ते पाहावे, आणि पत्र लेखी द्यावे. फोनवर सांगितलेले धरले जात नाही. फोनवर तर तुम्हाला दहा दिवस गोड बोलून थोपवून धरतात. ई-मेल करावी आणि स्पीड पोस्टानेही पत्र पाठवून पावती जपून ठेवावी.

ती मुदत गेली की भाषा बदलते. तेव्हा सांगतात की तुम्ही भरलेल्या रकमेचा मोठा भाग हे 'प्रवेश शुल्क' होते, ते परत मिळत नाही. उरलेल्यातून वापरलेली वर्षे वजा, थकलेले वार्षिक शुल्क वजा, रद्द करण्याचा आकार वजा. बेरीज-वजाबाकी झाल्यावर पुष्कळदा तुम्हीच त्यांना देणे लागता असे निघते. आम्ही २०१९ साली लेखी मागणी केली तेव्हा आम्हाला उत्तर आले की आधी दोन वर्षांचे थकीत शुल्क भरा, मग अर्जाचा विचार करू. म्हणजे तुरुंगातून सुटायचे तर आधी तुरुंगाचे भाडे भरा.

इथे एक फरक नीट लक्षात घ्यावा, कारण याचा संबंध तुमच्या ट्रॅक्टर आणि ठिबकच्या कर्जाशी आहे. सभासदत्वाचे हप्ते बहुधा कंपनी स्वतः घेत नाही. तुमच्या सहीने एखादी फायनान्स कंपनी किंवा क्रेडिट कार्डाची बँक सगळी रक्कम विकणाऱ्याला देऊन मोकळी होते आणि तुमचे कर्ज त्या बँकेकडे चालू राहते. रागाच्या भरात हे हप्ते थांबवले तर सिबिलवर थकबाकीदार म्हणून नोंद होते, आणि पुढे ट्रॅक्टरचे प्रकरण घेऊन राष्ट्रीयीकृत बँकेत गेलात की साहेब संगणकाकडे बघून मान हलवतो. आमच्याकडे आलेल्या तिघांपैकी एकाचे नेमके हेच झाले. आठ हजारांचा हप्ता तीन महिने चुकवला, प्रत्येक वेळी खात्यात पैसे नसल्याचा दंड वेगळा बसला, आणि ठिबकचे कर्ज अडले. वार्षिक शुल्काचे तसे नाही. ते कर्ज नव्हे, करारातले येणे आहे. ते थकले तर बुकिंग बंद होते, व्याज चढते, वकिलाची नोटीस येते, पण त्यासाठी सिबिलवर डाग लागायचे कारण नाही. म्हणून भांडण करायचे ते कर्जाचे हप्ते चालू ठेवून करावे, जड वाटले तरी.

विकून टाकू, असे पुष्कळांना वाटते. आम्हालाही वाटले. वर्तमानपत्रात जाहिरात दिली, एकही फोन आला नाही. नवे सभासदत्व कंपनी स्वतःच सवलतीत विकत असताना जुने कोण घेणार? शिवाय कंपनीची परवानगी आणि हस्तांतराचा आकार लागतो, आणि थकबाकी शून्य असावी लागते.

याच काळात दुसरी टोळधाड येते. २०२१ साली आम्हाला फोन आला. बोलणाऱ्याला आमचा सभासद क्रमांक, भरलेली रक्कम, सगळे तोंडपाठ. म्हणाला, तुमच्या सभासदत्वाला परदेशी गिऱ्हाईक आहे, तीन लाख दहा हजार देतो, फक्त जीएसटी आणि नोंदणीचे अठरा हजार आधी भरा, ते पैशासोबत परत मिळतील. आम्ही भरले. होय, एकदा ठेच लागल्यावर दुसऱ्यांदाही भरले, कारण सुटायची घाई माणसाला आंधळे करते. फोन बंद झाला. विकून देतो, सोडवून देतो असे म्हणून जो आधी पैसे मागतो तो या धंद्यातला दुसरा दरोडेखोर समजावा. अशी फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. लगेच म्हणजे त्याच तासात, म्हणजे पैसे वाटेत अडवता येण्याची काही शक्यता राहते. आम्ही आठ दिवसांनी कळवले, लाजेने.

शेवटी उपयोगी पडला तो ग्राहक कायदा. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून अमलात आला. त्यातल्या काही गोष्टी आपल्यासारख्या गावाकडच्या माणसाला फार सोयीच्या आहेत. कंपनीचे ऑफिस चेन्नईला असो की मुंबईला, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. भरलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग चालतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. वकील नसला तरी चालतो. करारात 'वाद झाल्यास अमुक शहरात लवादापुढे' असे छापलेले असते, ते वाचून घाबरू नये. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका घरबांधणी कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केले की अशा कलमाने ग्राहकाचा आयोगाकडे जायचा मार्ग बंद होत नाही. बक्षीस देण्याचे सांगून न देणे हीदेखील कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, तेव्हा ते कूपन फेकून देऊ नये. करारच एकतर्फी आणि अन्यायकारक आहे असा मूळ मुद्दा घ्यायचा असेल तर मात्र राज्य आयोगाकडे जावे लागते. साध्या मार्गदर्शनासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, आणि जानेवारी २०२५ पासून ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते.

मुदत मात्र दोन वर्षांची आहे, तक्रारीचे कारण घडल्यापासून. 'बघू, करू' म्हणत पाच वर्षे घालवून आलेल्याला आयोगापुढे आधी उशिराचीच कारणे द्यावी लागतात. आम्ही २०१९ मध्ये लेखी मागणी केली होती आणि नकाराचे पत्र जपून ठेवले होते, म्हणून २०२१ ची आमची तक्रार मुदतीत बसली. तो एक कागद नसता तर पुढचे काहीच झाले नसते.

आयोगापुढे चार तारखा झाल्या. दोनदा समोरचा वकील आला नाही, आम्ही मात्र तोडणीचा कार्यक्रम चिटबॉयवर सोपवून गेलो होतो. मग प्रकरण मध्यस्थीला गेले, नव्या कायद्यात ती सोय आहे. २०२३ मध्ये तडजोड झाली. करार रद्द, थकीत शुल्क माफ, आणि साठ हजार रुपये परत. भरले होते दोन लाख पंच्याऐंशी हजार, वर कर्जाचे व्याज आणि ते अठरा हजार. सौ. म्हणाल्या, घ्या आणि सुटा. आम्ही घेतले.

वयस्कर सभासदांनी एक प्रश्न हमखास विचारला. आमच्या मागे हे मुलांच्या गळ्यात पडेल का? अमेरिकेत काही टाइमशेअर कायमच्या मालकीचे असतात, तिथे ही भीती खरी आहे. स्पेनमध्ये २०१५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, १९९९ पासून लागू झालेल्या त्यांच्या कायद्याखालील पन्नास वर्षांहून लांब मुदतीचे करार रद्दबातल ठरवले, तेही याच जाचामुळे. आपल्याकडे करार ठरावीक वर्षांचा असतो. वारसाने स्वतः सही करून सभासदत्व आपल्या नावावर करून घेतले नाही तर मृताचे देणे फक्त त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरते असते, मुलाच्या स्वतःच्या कमाईवर येत नाही. म्हणून वडिलांच्या पश्चात कंपनीचा माणूस 'फक्त नाव बदलाची सही' मागायला आला तर ती करू नये.

जाता जाता एका वेगळ्या प्रकाराविषयी. काही घरांत अजून 'रूम नाइट्स'ची जुनी प्रमाणपत्रे ट्रंकेत असतील. पॅनकार्ड क्लब्स या कंपनीने सुटीच्या रात्री विकतो असे सांगून महाराष्ट्रभर पैसे जमवले, आणि राहायला गेला नाहीत तर मुदतीअखेर वाढीव रक्कम परत, असे आमिष होते. सेबीने जुलै २०१४ मध्ये अंतरिम आदेश काढला, आणि २९ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशात ही नोंदणी नसलेली सामूहिक गुंतवणूक योजना आहे असे ठरवून पैसे परत करायला सांगितले. एक्कावन्न लाखांवर लोकांचे सात हजार कोटींहून अधिक रुपये त्यात होते. प्रकरण पुढे अपिलाच्या आणि दिवाळखोरी कायद्याच्या वाटेने गेले. तिथे बाहेर पडण्याचा प्रश्न वेगळा, कारण तिथे लोक सुटीसाठी गेलेच नव्हते, परताव्यासाठी गेले होते. १९९० च्या दशकातली सागवानाची झाडे आणि २०१९ चे इस्लामपूर भागातले कडकनाथ कोंबड्यांचे प्रकरण आठवते त्यांना अधिक सांगायला नको. सुटीच्या नावाखाली कोणी 'नाही वापरले तर दुप्पट' म्हणाला की ते सभासदत्व नव्हे, ठेव आहे. आणि ठेवीच्या फसवणुकीला महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे, त्याखाली पोलिसांत जाता येते.

आता त्या तीन सभासदांचे काय झाले ते सांगून थांबतो. पहिल्याचे ठिबकचे कर्ज अडले होते. त्याने हप्ते पुन्हा सुरू केले आहेत आणि जिल्हा आयोगात तक्रार दाखल केली आहे, तारीख पुढच्या महिन्यात आहे. दुसरे साठीच्या घरातले गृहस्थ. त्यांनी २०१९ मध्ये सही केली होती आणि एकदाही लेखी काही दिले नव्हते, सगळे फोनवर. त्यांचे पत्र आम्ही लिहून दिले आहे, पण त्यांच्या बाबतीत आम्ही फार आशा दाखवली नाही. तिसरा तरुण आहे, खोडव्याला एकरी सत्तर टन काढणारा. तो ऑफिसात आला तेव्हा कंपनीच्या पुस्तिकेतल्या दहा दिवसांपैकी नववा दिवस चालू होता आणि त्याला ते माहीत नव्हते. दुपारचे अडीच वाजले होते. आमच्या टेबलावरच पत्र लिहिले, मोबाइलवरून ई-मेल केली आणि त्याच्या मोटारसायकलवर बसून पोस्ट बंद व्हायच्या आत तालुक्याला पोहोचलो. सात आठवड्यांनी त्याचे एक लाख वीस हजार रुपये खात्यात परत आले. किरकोळ आकार म्हणून काही कापले, त्याबद्दल तो अजून कुरकुरतो.

ज्या कोणाकडे अशी फाइल असेल त्यांनी सोमवारी किंवा गुरुवारी सकाळी दहा ते एक या वेळेत गट ऑफिसात यावे. येताना नियमांची पुस्तिका, पैसे भरल्याच्या पावत्या आणि बँकेचे पासबुक आणावे. कोणाचे नाव बाहेर जाणार नाही. सहीला दहा दिवस झाले नसतील तर मात्र सोमवारची वाट पाहू नये, त्याच दिवशी यावे. आम्ही शिवारात असलो तर चिटबॉयकडून निरोप द्यावा.

— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग